फेझमधले पाठमोरे फोटो

फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार, दुपारची वेळ. जागा कुवेतच्या सबाह अल-सालेम भागातलं आमचं घर. हजर तिघं: मी, माझा नवरा आणि भाऊजी, म्हणजे माझ्या मैत्रिणीचे यजमान. मैत्रीण गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. काम एकच होतं. मोरोक्कोतल्या फेझ शहरात आम्ही चौघं गेलो होतो, त्या फोटोंतून तिचा चेहरा दिसेल असा एक फोटो शोधायचा.

नाशिकला भाऊजींच्या घरी तिच्या सिव्हिल आयडीवरचा, म्हणजे कुवेतच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला आहे. त्यात ती काउंटरवरच्या माणसावर चिडल्यासारखी दिसते. त्यांची मुलगी कॅनडात शिकते. तिनं फोनवर सांगितलं, "दॅट्स नॉट आई, बाबा." लग्नातले फोटो तिला नको होते. तिला हवी होती गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारी आई. वर्षश्राद्धाला तोच फोटो ठेवायचा, असं भाऊजींनी तिला कबूल केलं होतं.

आठवडाभराच्या कामानंतर शुक्रवारी खरं तर झोपायचं असतं. मी चहाचा थर्मास भरला, तिन्ही लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडले आणि कोणी कुठला दिवस बघायचा ते वाटून दिलं. बाहेर धूळ होती, खिडक्या बंद होत्या.

तासाभरानं नवरा म्हणाला, "अहो भाऊजी, तुमच्या बायकोची पाठ मला आता माझ्या बायकोपेक्षा जास्त ओळखीची झालीय."

"माझी काय ओळख वेगळी आहे का," भाऊजी म्हणाले. "वीस वर्षं पुढेच चालली ती."

नियम तिचाच होता. कुवेतमध्ये आम्ही चौघं सुट्टीच्या दिवशी कॅमेरे घेऊन अम्गराच्या भंगारबाजारात जायचो, कधी वफ्राच्या शेतांवर. तिथली माणसं कॅमेरा पाहून दचकतात. फोटो कुठे जाईल, ज्याच्या व्हिसावर आलो तो कफील काय म्हणेल, ही धास्ती असते. मग ती म्हणाली, चेहरा न विचारता घ्यायचा नाही आणि विचारलं की तो बदलतो, तेव्हा चेहरा घ्यायचाच नाही. हात घ्या, पाठी घ्या, सावल्या घ्या. फोन पिशवीत. आमच्या हातांना ही सवय इतकी जडली की फेझच्या जुन्या तटबंदीच्या आतही, जिथं विचारलं असतं तर कितीतरी जणांनी हसून फोटो घेऊ दिला असता, आम्ही तेच केलं. खेचरांच्या पाठीवरची कातडी, तांबटाचा हातोडा, भिंतीला घासून जाणारे खांदे. आणि प्रत्येक गल्लीत सगळ्यांच्या पुढे ती, पाठमोरी. एकमेकांचेही चेहरे घ्यायचे राहून गेले.

संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागले. भाऊजींनी चष्मा काढून ठेवला. "राहू दे वहिनी. आयडीवालाच ठेवतो."

तेवढ्यात माझ्या पडद्यावर शिंगाची फणी घासणारे दोन हात आले. तो म्हातारा मला आठवला. आमच्या गाइडकरवी त्यानं विचारलं होतं, तुम्ही माझे हात नेले, आता मी काय नेऊ? मग त्यानं स्वतःचा फोन काढला, आम्हा चौघांना दुकानाच्या निळ्या दारापुढे उभं केलं आणि फोटो घेतला. ती हसत होती. कशाला ते आठवत नाही, पण भाऊजींच्या दंडाला धरून हसत होती.

"त्याच्याकडे असेल," मी म्हणाले.

"दुकानाचं नाव काय होतं?" नवऱ्यानं विचारलं.

नाव कोणालाच माहीत नव्हतं. पाटीच नव्हती. गाइडचा नंबर आता बंद आहे.

भाऊजींनी चष्मा परत लावला. नवऱ्याच्या ऑफिसात एक मोरोक्कन वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे, त्याचा भाऊ फेझमध्येच असतो. नवऱ्यानं इन्स्पेक्टरकरवी त्या भावाला विचारलं. तो जायला तयार आहे, पण त्या गल्ल्यांच्या जाळ्यात नुसतं निळं दार सांगून भागत नाही, असं त्यानं कळवलं. वाट सांगा म्हणाला.

मग मी तिचे पाठमोरे फोटो वेळेनुसार लावले. कमानीच्या दरवाज्यातून आत जाणारी ती. पुदिन्याच्या गाडीजवळ वाकलेली. उतारावर एक हात भिंतीला. तिच्यामागून फोटो-फोटो करत आम्ही पाणपोईपर्यंत पोचलो. पुढचा फोटो थेट दुकानातला होता. पाणपोईवर बायका पाणी भरत होत्या, म्हणून तिनं आम्हाला कॅमेरे खाली घ्यायला लावले होते.

"डावीकडे," नवरा म्हणाला.

"उजवीकडे होतं," भाऊजी म्हणाले.

मला दोन्ही पटत होतं. पाणपोईपर्यंतचे फोटो मी इन्स्पेक्टरच्या भावाला पाठवले. पुढचं वळण अजून कळवायचं आहे.