नाव नको, खूण घ्या

आपलं नाव कुणालाही न सांगता आयुष्य काढलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि ते नेमके माझे मामा निघाले. नाटे गावी त्यांची कलमांची बाग, पण आंब्याच्या पेटीवरही नाव नाही. दवाखान्यात कुणी "नाव?" म्हटलं की मामा चष्मा काढून त्याला न्याहाळत आणि विचारत, "कशास हवंय?" एकदा एसटीत शेजारच्या प्रवाशाने सहज नाव विचारलं, तर मामा आधीच्याच थांब्यावर उतरून उन्हातून चालत घरी आले. गावच्या लग्नांना त्यांच्या पराती जात त्याही बिननावाच्या, बुडाला पिवळा ठिपका लावून. "ठिपका बघून भांडं बरोबर घरी येतं," मामा म्हणत.

असे मामा माझ्या वेबसाइटचे सर्वांत निष्ठावान वाचक. रत्नागिरीत बसून मी पंचक्रोशीच्या बातम्या त्यावर टाकतो. मामांची नजर अधू झालेली, आणि दुसऱ्याकडून वाचून घेणं त्यांना मरणप्राय. म्हणून त्यांनी मोबाइलवर अक्षरं भोपळ्याएवढी केली, पाठीमागे काळा रंग, सर्वांत वर भरती-ओहोटीच्या वेळा. पण हे सगळं त्या एका मोबाइललाच ठाऊक. टॅबवर साइट उघडली की अक्षरं पुन्हा मुंगीएवढी.

"मामा, खातं उघडा. नाव टाकलंत की..."

मामांनी चष्मा काढला.

"मेल्या, परातीला जमतं ते तुझ्या यंत्रास जमत नाही?"

ते मला लागलं. खटपट करून मी साइटला खूण द्यायला शिकवलं. आपल्या आवडी ठरवल्या की ती तीन शब्द देते. दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर तेच शब्द टाकले की साइट तशीच दिसते, नाव-गाव काही लागत नाही. मामांना मिळाले 'माड होडी पिवळा'. ते इतके खूश झाले की ही खूण त्यांनी वाडीभर वाटली, आणि धडधाकट डोळ्यांची माणसंही भोपळ्यांतून बातम्या वाचू लागली.

यंदा नजर आणखी उतरली आणि मुलीने मामांना कायमचं ठाण्याला नेलं. निघायच्या गडबडीत मोबाइल विहिरीत पडला. मुलगी दिवसभर कामावर; नव्या मोबाइलवर या माणसाला वाचता आलं नाही तर तो दिवस कसा काढणार, या काळजीने मला जेवण गोड लागेना. तेवढ्यात फोन आला.

"भाच्या, दिसलं रे, दिसलं! शब्दच आठवेनात मेले. वाडीत फोन लावला, तर सगळी एकदम ओरडली. आज आपल्याकडे भरती दुपारची ना?"

माझा जीव भांड्यात पडला. ठाण्यात बसून भरतीच्या वेळा कशाला हव्यात, हे मात्र मी विचारलं नाही.

परवा नाट्याला गेलो होतो. मामांच्या घराला कुलूप होतं. जाण्यापूर्वी त्यांनी कुणाच्या तरी लग्नाला दिलेली परात परत आली होती आणि ओटीवर पालथी ठेवली होती, पिवळा ठिपका वर करून.