वहीतले सगळे आपलेच

घाटावर जन्म काढला की किस्से साचतात, पायऱ्यांवर गाळ साचतो तसे. दुसऱ्यांचे मी पुष्कळ सांगितले. हे आमच्या घरातले. चूक बहुतेक माझीच, म्हणून आजवर सांगितले नाहीत.

काशीत बालाजी घाटाजवळ आमचं घर. महाराष्ट्रातून येणाऱ्यांची श्राद्धं, अस्थिविसर्जन आम्ही करतो. आलेला यजमान आमच्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहितो. पुढे त्याचा मुलगा लिहितो, मग नातू. माझी शाळा चौथीपर्यंत. पण वही वाचायला मला कोणी शिकवू नये.

सून मुक्ता हिने वही कॉम्प्युटरवर घेतली. तिथी जवळ आली की यजमानाला आपोआप ईमेल जाणार. तिने विचारलं, "बाबा, यादी कशी करायची? 'पाठवा' म्हणतील त्यांचीच, की सगळ्यांची?"

"वहीतले सगळे आपलेच. विचारायचं काय त्यात?"

"एखादा नको म्हणेल."

"आपल्याला नको म्हणणारा अजून जन्मला नाही!"

असं मी म्हणालो.

•

पहिला फोन नागपूरहून आला. "गुरुजी, वडिलांच्या श्राद्धाची मेल आलीय."

"बरोबर. परवा तिथी आहे."

"वडील समोर पोहे खातायत! वाचून दाखवू त्यांना?"

तो आईच्या अस्थी घेऊन आला होता. वहीत त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि तिथी. आईचं नावच नाही. बायकांची नावं लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मुक्ताने विचारलं होतं, ही तिथी कोणाची? मी म्हणालो होतो, "वडिलांची. आणखी कोणाची असणार?"

त्या दिवशी चहा मला मुक्ताकडे मागावा लागला.

•

बऱ्याच म्हाताऱ्या यजमानांना ईमेल नव्हता, आणि कॉम्प्युटर तो रकाना रिकामा सोडू देईना. मी म्हटलं, "रामसूरतचा टाक." रामसूरत रामनगरचा, आमचा नावाडी. सगळे त्याच्याच नावेतून जातात.

पितृपक्षात तो मोबाइल नाचवत घाटावर आला. "गुरुजी, हमरे बाप तो एक्के थे! आप सत्रह ठो का सराध भेज दिए!"

सतरा जणांच्या मेल एकट्या त्याला गेल्या होत्या. सगळा घाट हसला. मी पंचांग उघडून बसलो.

•

पाच वर्षांत न आलेल्यांची मुक्ताने वेगळी यादी केली. त्यांना काय लिहायचं ते मी सांगितलं. मजकूर मला गोड वाटला होता. "बऱ्याच दिवसांत आपण काशीला आला नाहीत. आम्ही आपली वाट पाहत आहोत."

साताऱ्याच्या नव्वदीतल्या एका आजोबांचं उत्तर आलं, "येणारच आहे. पण आपल्याला एवढी घाई का?"

•

यानंतरच्यावर कोणी हसलं नाही.

वाईचे दातार पत्नीच्या अस्थी घेऊन आले होते. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या आमच्या वहीत आहेत. पणजोबांचं अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं. दातार घरी पोचले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना मेल गेली. "आमची सेवा कशी वाटली? आपल्या मित्रांनाही अवश्य सांगा." जो येऊन गेला त्याला ती जायचीच. त्या यादीतून कोणाला वगळायचं का, हेही मुक्ताने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "कोणाला नाही."

दातारांनी एकच ओळ लिहिली. "माझ्या मित्रांवर अशी वेळ न येवो."

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. चार पिढ्यांचं पान माझ्या हातून बंद होणार, हे मला कळलं. दोन दिवस मी घाटावर उतरलो नाही.

तिसऱ्या दिवशी मुक्ताला म्हणालो, "पूस ती यादी. विचारून नवी कर."

ती "बरं" म्हणाली. आधीच सांगितलं होतं, असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

नव्या यादीत पहिलं नाव आलं रामसूरतचं. "हमरे बाप का भेजिए. बस एक ठो!"

•

वर्षश्राद्धाला दातार आले. न कळवता आले. विधी झाला. मी वही उघडली आणि त्यांच्या पत्नीचं नाव विचारलं. सुमती. ते मी माझ्या हाताने लिहिलं. मग म्हणालो, "चुकलो." हा शब्द मी यजमानापुढे कधी उच्चारला नव्हता.

मुक्ताने नवा कागद पुढे केला. 'तिथीची आठवण पाठवावी का?' दातारांनी चष्मा लावला आणि लिहिलं, "नको. तिची आठवण मला करून द्यावी लागत नाही."

मी वही मिटायला घेतली. त्यांनी पानावर हात ठेवला. स्वतःच्या नावाखाली मुलाचं नाव लिहिलं, शेजारी त्याचा ईमेल.

"माझ्यानंतर याला पाठवत जा, गुरुजी. हा फार विसरतो."