वाकलेल्या धुळीची बातमी

आई कोल्हापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवीधर. शाळा सुटली की ग्रंथालयात जाऊन, शेजारी शब्दकोश ठेवून, इंग्रजी विज्ञान मासिकं वाचत बसायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी ती एका चित्राची झेरॉक्स घेऊन घरी आली. मी तेव्हा अकरावीत होते. काळ्या कागदावर एक फिकट आडवी रेघ आणि तिच्या मधोमध काळा ठिपका.

"काय आहे हे, सांग."

"झेरॉक्स खराब आलीय," मी म्हटलं.

आई खूप हसली. मग चपला न काढताच तिनं मला समजावलं. ती रेघ म्हणजे एका ताऱ्याभोवतीची धुळीची प्रचंड तबकडी. आपल्याला कडेनं दिसते म्हणून रेघ वाटते. ठिपका मुद्दाम ठेवलेला, कारण ताऱ्याचा झगमगाट झाकल्याशिवाय धूळ दिसत नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिनं मला शाळेच्या गच्चीवर नेलं. जेमतेम आठ वाजले असतील. दक्षिणेला गुऱ्हाळांचा धूर साचला होता. त्याच्या वर अगस्त्य ठळक दिसत होता आणि त्याच्या जरा उजवीकडे आई बोट दाखवत होती.

"तो बारका, आपल्या चित्रातला. दिसला?"

"दिसला," मी म्हणाले. दिसला होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"अशी धूळ टिकत नसते बघ. ताऱ्याचा उजेडच तिला बाहेर ढकलतो. तरी ती तिथं आहे, म्हणजे मोठमोठे दगड अजून एकमेकांवर आपटतायत, नवी धूळ पडतेय. आणि त्या चित्रात आतल्या बाजूला रेघ जराशी वाकलीय. धूळ काय आपणहून वाकत नाही. कुणीतरी जड तिला ओढतंय."

"म्हणजे ग्रह?"

"अजून कुणी बघितलेला नाही. पण आहे की!"

तिच्या आवाजात एवढी खात्री होती, की मी पुढं भौतिकशास्त्र घेतलं ते त्या 'आहे की'मुळंच.

मधुमेहानं तिचे डोळे हळूहळू नेले. लेसरचे उपचार झाले, पण उपयोग झाला नाही. एकदा वर्गात तिनं फळ्यावरच्या एका ओळीवरच दुसरी ओळ लिहिली. मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. त्याच दिवशी तिनं मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पोरींचं चुकलं नाही. मीसुद्धा हसले असते."

तोवर मी पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागले होते. बाबा आधीच गेलेले. घरात आई एकटी. तिला सोबत शेजारच्या मावशींची. त्या दोन वेळची भाकरी आणून द्यायच्या आणि सकाळी बसून गप्पा मारायच्या. मी एक शनिवार सोडून एक शनिवार यायचे. येताना इंटरनेटवरून त्या ताऱ्याबद्दल, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीबद्दल जे मिळेल ते छापून आणायचे आणि मराठीत सांगत वाचायचे. कुठल्या तबकडीत मधेच रिकामा पट्टा, कुठल्या कड्याचं केंद्र ताऱ्यापासून सरकलेलं. आई मांडीवर बोटानं आकृती काढत ऐकायची.

पहिली दोन वर्षं मी मन लावून वाचलं. मग मला मूल झालं, कामाचा ताण वाढला. मी परिच्छेद गाळायला लागले.

"एवढंच?" आई विचारायची.

"एवढंच आहे."

ती मान हलवायची.

दोन हजार आठ साली, नोव्हेंबरात, ती बातमी आली. जुनी चित्रं पुन्हा तपासताना त्या ताऱ्याजवळ, धुळीच्याच प्रतलात, एक अंधुक ठिपका सापडला होता. बहुधा ग्रह. मी ऑफिसात वाचलं, कागद छापला आणि पिशवीत ठेवला. फोन करावा असं मनात आलं. पण फोनवर तासभर समजावत बसायचं त्राण नव्हतं. त्या शनिवारी गेले नाही. कागद पिशवीतच राहिला.

सहा डिसेंबरला मी दरवर्षी घरी जायचेच. संध्याकाळी वंदना झाल्यावर कागद काढून तिला वाचून दाखवला. या वेळी एक ओळही गाळली नाही. आई हात जोडून बसावं तशी बसली होती.

"चित्रं कधीची म्हणालीस?"

"पाच वर्षांपूर्वीची."

"म्हणजे पाच वर्षं तो चित्रात होता आणि कुणाला दिसला नाही." तिनं मांडीवर बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाली, "कधी आली गं ही बातमी?"

"काल," मी म्हणाले.

"बरं झालं लगेच आलीस. शेवटचा परिच्छेद परत वाच."

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. त्यानंतर वर्षभरानं तो ठिपका ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला दिसला आणि ग्रह असल्याचं नक्की झालं. त्याच सुमारास मी घर रिकामं करायला कोल्हापुरात गेले होते. मावशी मदतीला आल्या. वह्या बांधता बांधता मी त्यांना ते सांगितलं.

"तेच ते धुळीतलं का?" मावशी म्हणाल्या. "त्ये तर पेपरात आलतं की, मागंच. मीच वाचून दावलं बाईस्नी. मला त्यातलं काय बी कळंना, अक्षर अक्षर लावत वाचलं. लई आनंद झाला त्यास्नी. डोळ्यांतनं पाणी आलं."

"कधी?"

"सहा डिसेंबरच्या आधी पंधरा दिस. मला म्हणाल्या, लेकीला सांगू नगासा. ती वाचायला येनार हाय, तिचा हिरमोड व्हईल."

मी वह्यांची दोरी हातात धरून तशीच बसले. पंधरा दिवस आई दाराकडं कान लावून होती. मी 'काल' म्हणाले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं, ते मी पाहिलं नव्हतं. कागदाकडं बघत होते.

"बाई काय बोलल्या न्हाईत तुम्हास्नी?" मावशींनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मावशींनी माझ्या हातातली दोरी घेतली आणि गठ्ठा स्वतःच बांधला.