उताराला रफू

रफूकाकूंचं खरं नाव वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, ते वापरायची वेळच कधी आली नाही. कोपऱ्यावरच्या चिंचोळ्या दुकानात, काचेच्या दाराआड बसून चाळीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या: फाटलेलं कापड असं जोडायचं की कुठे फाटलं होतं हे मालकालाही शोधावं लागावं. सिगारेटनं भोक पाडलेला कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून टर्रकन फाटलेली नवी कोरी पँट. त्यांच्या यजमानांनाही लोक 'रफूकाकूंचे मिस्टर' म्हणायचे. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी करून हजारो माणसांना पुढे सरकवलेल्या गृहस्थाला ते जरा लागायचंच.

दुकानामागे घर होतं आणि घरामागे उतार. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की तो समोर यायचा, सत्तर-ऐंशी पावलं खाली ओढ्यापर्यंत. कधीकाळी तिथे झाडं होती म्हणे. आता घाणेरीची जाळी होती, त्यावर चढलेली जाडजूड वेल होती, आणि वेलीच्या पोटात टायर, मोडक्या खुर्च्या, एक बिनदाराचा फ्रीज. वरच्या कोपऱ्यात एकुलतं एक म्हातारं झाड तेवढं शाबूत होतं.

छातीचं ऑपरेशन झाल्यापासून कंडक्टरकाका त्याच खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. गळ्यात जुनी शिट्टी असायची. दम लागला की हाक मारता येत नाही, म्हणून काकूंनीच ती अडकवली होती. एकदा वाजली की हातातलं टाकून यायचं.

"या फ्रीजकडे बघून बघून मला आता तो पाहुणा वाटायला लागलाय," ते एकदा म्हणाले. "चहा विचारावा काय त्याला?"

काकूंनी हसून सोडून दिलं, पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. उरलेली वर्षं या माणसानं ज्या खिडकीतून बघायची, तिच्यात हे? रविवारची मंडळी उतारावर जमू लागली तेव्हा म्हणूनच त्या पहिल्या आठवड्यातच हातमोजे चढवून हजर झाल्या.

मंडळी होती बावीस. म्होरके हेडसर, शाळेतून निवृत्त झालेले पण शाळा त्यांच्यातून निवृत्त न झालेली. उजवा हात होता गल्लीतला प्लंबर, जो बोलायचा कमी आणि उचलायचा जास्त. इस्पितळातल्या सिस्टर रात्रपाळी संपवून थेट यायच्या आणि म्हणायच्या, "इथे निदान कुणी बेल तरी मारत नाही." मंडळींत उत्साह असा की विचारू नका. एका रविवारी हेडसरांनी फर्मान काढलं, "आज अख्खा उतार!" आणि खरोखरच, सूर्य डोक्यावर यायच्या आत अख्खा उतार उघडा पडला. वेल गेली, घाणेरी गेली, फ्रीज दोरखंडानं वर ओढून नेला. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण काम इतकं झकास झालं होतं की कुणीतरी खराटे आणले आणि मंडळींनी तो उतार झाडून काढला! पानं, काड्या, पाचोळा, सगळं. पाहुणे यायच्या आधी ओटा पुसावा तसा लख्ख. मग सगळ्यांनी ओळीत उभं राहून फोटो काढला.

एकोणिसाव्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि तो लख्ख उतार तासाभरात ओढ्यात उतरला. ओढा ज्यातून पुढे जातो त्या खालच्या पाइपाचं चेंबर चिखलानं गच्च भरलं, ओढा उलटा फिरला आणि शेजारच्या बेकरीत गुडघाभर पाणी.

बेकरीवाला हेडसरांच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, तुमच्या स्वच्छतेपायी माझ्या सोळा पोती मैद्याची खळ झाली. आता येत्या रविवारी पोस्टर चिकटवायला या सगळे!"

त्याच आठवड्यात पालिकेचे इंजिनिअरसाहेब आले. वाकून चेंबरमध्ये पाहिलं, उताराकडे पाहिलं आणि वही मिटली. "इथे काँक्रीट ओतायचं. वरपासून खालपर्यंत. विषय संपला."

हेडसरांनी कधी कुणाला केली नसेल एवढी विनवणी केली. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "बरं. चेंबर उपसून घेतो आणि एक पावसाळा देतो. पुढच्या वर्षी पाऊस सरला की मी येऊन हे झाकण उघडीन. आत वीतभराहून जास्त गाळ निघाला तर ओतणार म्हणजे ओतणार."

संध्याकाळी मंडळी हेडसरांच्या व्हरांड्यात बसली. चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. वेलीनं तोवर पुन्हा कोंब काढले होते, दुप्पट जोमानं.

"आता दुप्पट ताकदीनं साफ करायचं," हेडसर म्हणाले. "सर्वांत वाईट जागेपासून सुरुवात. रोगाच्या मुळावर घाव!"

"सर, एक बोलू?" काकू म्हणाल्या. चार महिन्यांत त्यांनी बैठकीत पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "रफू करताना आम्ही भोकापासून सुरुवात करत नाही."

"काकू, इथे कापडाचा काय संबंध?"

"भोकाच्या कडेला सुई घातली की कड आणखी विरते. धड कापडातून दोरा घ्यायचा, चांगल्या जागेतून हळूहळू भोकाकडे सरकायचं. आपल्या उताराला धड जागा एकच आहे, ते म्हातारं झाड. त्याच्या बुडाशी बारीक पात्याचं गवत आहे, जमीन मऊ आहे. तिथून सुरू करू. हातभर जागा काढायची, तिच्यात गवत धरेस्तोवर पुढची काढायची नाही."

"आणि बाकीची घाणेरी? ती तशीच ठेवायची?"

"तशीच. वाईट का असेना, माती धरून तर आहे. नवा टाका बसल्याशिवाय जुना उसवत नाहीत, सर."

"साहेबांना जंगल दिसेल, जंगल!"

"दिसू दे की. ते झाकण उघडणार आहेत, फोटो काढणार नाहीत."

प्लंबर, जो या चार महिन्यांत बैठकीत चार वाक्यंही बोलला नव्हता, म्हणाला, "बाई बरोबर बोलतायत. मीही गळका पाइप गळतीपाशी कापत नाही. चांगल्या ठिकाणी कापतो, तिथून जोड घेतो."

सिस्टरांनी मान हलवली. हेडसरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. "ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण हे फसलं तर काँक्रीट तुमच्या नावावर, काकू."

घरी आल्यावर काकूंनी नवऱ्याला सांगितलं. ते खिडकीतून अंधारत चाललेल्या उताराकडे बघत राहिले. "म्हणजे फ्रीज गेला आणि आता सिमेंट येणार?"

"येऊ द्यायचं नाहीये."

"कपड्यांचं झालं, आता डोंगराला टाके घाल," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ सरकवली.

पहिल्या दोन महिन्यांत दोन खाटांएवढी जागा झाली. खरंच, मोजून दोन खाटा. मंडळी गुडघ्यावर बसायची, घाणेरीची रोपं मुळापाशी बोटं घालून सोडवायची, वेलीचे कोंब उपटायची, आणि उपटलेलं तिथेच वाळत घालायची. झाडू बंदी! पाचोळ्याला हात लावायचा नाही. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, केस विंचरताय का जमिनीचे?" बावीसचे पंधरा झाले, पंधराचे नऊ. पराक्रम गाजवायला आलेल्यांना हातभर जागेत गुडघे टेकवणं रुचेना. शेवटी सात उरले.

हेडसर टिकले, पण त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता. एका रविवारी ते हातगाडीवर चाळीस रोपं घेऊन आले. लाल-पिवळी फुलं, कुंडीतली, दिमाखदार.

"जरा रंग भरू या, काकू. माणसांना उमेद येईल."

काकूंनी एक रोप हातात घेतलं, पानं चाचपली, कापड चाचपतात तशी. "सर, राखाडी कोटाला मी गुलाबी दोऱ्यानं रफू केलं तर घालाल?"

"हे बघा..."

"दोरा त्याच कापडाचा लागतो. आतल्या शिवणीतून, दडलेल्या जागेतून काढतो आम्ही. म्हणून तर तो मिसळतो. या गवताचं बी पिकलंय झाडाखाली. ते गोळा करू. तेच पुढच्या हातभर जागेत टाकू. तेच धरेल."

हेडसरांनी हातगाडी वळवून सगळी रोपं शाळेच्या फाटकाशी नेऊन लावली. परतले तेव्हा खिशातून जुनं पाकीट काढून गुडघ्यावर बसले आणि बी वेचू लागले. त्यानंतर वर्षभर त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात गवताचं बी असायचं. त्यांच्या बायकोनं धुलाई यंत्राची तक्रार घेऊन काकूंचं दुकान गाठलं तो भाग वेगळा.

इकडे खिडकीतही एक नोकरी सुरू झाली होती. कुणी कचऱ्याची पिशवी घेऊन उताराच्या कडेला आलं की वरून कडक शिट्टी यायची. एकदा. बसच्या भाषेत एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. पिशवीवाला दचकून वर बघायचा, खिडकीतला पांढऱ्या केसांचा माणूस बोट हलवायचा आणि पिशवी मुकाट्यानं परत जायची. सुरुवातीला काकू प्रत्येक शिट्टीला हातातली सुई टाकून धावत यायच्या.

"अहो, माझा जीव जातो! मला बोलवायचं असेल तेव्हा काय वाजवाल मग?"

"तुला बोलवायला मी कशाला शिट्टी वाजवीन? आता दम लागत नाही मला," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. काकूंनी पदरानं उगाचच ओटा पुसला.

सात जण, आठवड्यातून तीन तास. झाडाखालून निघालेली गवताची पट्टी खाली सरकत गेली. तिच्यातून न लावलेली रोपटी वर आली, म्हाताऱ्या झाडाचीच पिल्लं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा उताराचा तिसरा हिस्सा झाला होता. उरलेल्या दोन हिश्शांत घाणेरी तशीच, दिमाखात.

आणि पावसाळा संपता संपता पाऊस आला तो तीन दिवस थांबलाच नाही. आदल्या वर्षीचा पाऊस त्याच्यापुढे नळाची धार वाटावी असा. काकूंनी पहिल्याच दिवशी छत्री घेऊन खाली जाऊन पाइपाच्या जाळीला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बांधला होता. नवं कापड रंग सोडतं का हे त्या असंच बघायच्या, पांढऱ्या चिंधीवर ओलं करून. आदल्या वर्षी असा तुकडा बांधला असता तर तो चहात बुडवल्यासारखा निघाला असता.

तीन दिवस काकूंनी एक टाका घातला नाही. सुई ओवायच्या आणि तशीच गादीला टोचून ठेवायच्या.

"उतार जागेवर आहे," खिडकीतून दर तासाला बातमी यायची. "घाणेरी जागेवर आहे. तू तेवढी जागेवर नाहीस. बस जरा."

पाऊस सरल्यावर चौथ्या दिवशी सकाळी साहेब आले. हातात वही आणि लोखंडी पट्टी. सात जण ओढ्याकाठी उभे होते, आणि थोडं लांब, हाताची घडी घालून, बेकरीवाला. साहेबांनी वर पाहिलं. "अजून अर्ध्याहून जास्त जंगलच आहे की."

हेडसर काही बोलायला गेले. काकूंनी त्यांच्या बाहीला हलकेच धरलं. "झाकण उघडा, साहेब."

प्लंबरनं पहार घातली. झाकण करकरत उचललं गेलं. साहेबांनी पट्टी आत सोडली, हलवली, बाहेर काढली आणि डोळ्यांशी धरली. मग पुन्हा सोडली. दुसऱ्या कोपऱ्यात. तिसऱ्या.

"चार बोटं," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. सिस्टरांनी विचारलं, "चार बोटं कमी की जास्त?"

"एकूण, बाई. एकूण गाळ चार बोटं. आणि त्यातली दोन गेल्या वर्षीची शिळी असतील." साहेब अजून पट्टीकडेच बघत होते. "वरच्या पुलाचं चेंबर काल उघडलं. तिथे तर काँक्रीट आहे. तिथे पण एवढं कमी नाही निघालं."

काकू वाकल्या, जाळीला बांधलेला तुकडा सोडला, पिळला आणि उजेडाकडे धरला. फिका पिवळसर, एवढंच. शेजारी उभ्या बेकरीवाल्यानं तो हातात घेऊन उलटसुलट केला. "माझा फडका यापेक्षा मळका असतो," तो म्हणाला, आणि मग अगदी हळूच, "रविवारी किती वाजता येता तुम्ही लोक?"

हेडसरांना हुंदका आला की शिंक हे कुणी विचारलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल ओढला तेव्हा त्याच्याबरोबर मूठभर बी सांडलं, नेमकं साहेबांच्या बुटांवर.

साहेबांनी वहीतलं पान उलटलं. "काँक्रीट रद्द. असं करा, काकू, पुलापासून गिरणीपर्यंतचा काठही तुमच्या मंडळींना देतो. तिथेही असंच करून टाका."

"असंच नाही होणार, साहेब," काकू म्हणाल्या. "आधी तिथलं कापड बघावं लागेल. धड कुठे आहे, दोरा कुठून निघतो ते."

"मग कधी बघता?"

काकूंनी मागे वळून वर पाहिलं. उतारावर, झाडापासून खाली, ओलं गवत उन्हात चमकत होतं. कुठून सुरुवात झाली होती ते त्यांना माहीत होतं म्हणून, नाहीतर सांधा त्यांनाही सापडला नसता. त्याच्यावर खिडकी, आणि खिडकीत कंडक्टरकाका उभे. ते महिनोन्महिने खुर्चीशिवाय कुणाला दिसले नव्हते. त्यांना इथलं एक अक्षर ऐकू गेलं नसणार, पण प्लंबरनं दोन्ही हात वर केलेले त्यांनी पाहिले होते.

त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि छातीतला सगळा दम एकवटून वाजवली. दोनदा.

"ऐकलंत ना?" काकू हातमोजे चढवत म्हणाल्या. "चला. पुलाच्या कुठल्या बाजूनं बघायचं?"