बोटभर पाणी

सावेडीत माझ्या मुलानं बंगल्यामागे स्विमिंग पूल बांधला, तेव्हा मिठापासून क्लोरीन करून पाणी स्वच्छ ठेवणारं मशीन निवडायला एक मिस्त्री यायचा. क्षार मोजायचा मीटर खिशात असला तरी तो आधी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि डोळे मिटून चव घ्यायचा.

मुलाला मोबाईलवर चालणारं मशीन हवं होतं. मिस्त्री म्हणाला, “साहेब, काका घरीच असत्यात. हातानं चालवायचं साधं घ्या, ते बघतील. फक्त काका, बोअरचं पानी घालू नका. लई क्षार हाय त्यात.” माझ्या भरवशावर साधं मशीन बसलं.

उन्हाळ्यात पूलमधलं पाणी उतरलं. टँकरची वाट पाहायचा मला कंटाळा आला आणि मी तीन-चारदा पूलमध्ये बोअरचा नळ सोडला. मशीनच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला आणि ते बंद पडलं.

“तुमचं ऐकून फसलो,” मुलगा मिस्त्रीला म्हणाला. मिस्त्रीनं बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

“व्हय साहेब, मशीन मीच सांगितलं हुतं,” तो म्हणाला. बोअरचा शब्दही त्यानं काढला नाही. पट्ट्या घासून देऊन गेला.

मुलानं मात्र गल्लीत सगळ्यांना सांगितलं, त्या माणसाला बोलावू नका. आता दुसरा येतो. तो नुसता मीटर पाहतो.

मिस्त्रीनं निवडलेलं मशीन योग्यच होतं. हे सगळं लिहिलेला हा कागद मी आज मुलाच्या हातात देणार आहे.