सैल बूट

हेआनच्या दक्षिण वेशीत, कमानीखाली, लाकडी पिंजऱ्यात बुटांचे सहा जोड टांगलेले होते. बदली होऊन जाणारा मामलेदार गुणी असेल तर गावाने वेशीत त्याचे बूट काढून ठेवून घ्यायचे, ही तिकडची जुनी रीत. म्हणजे माणूस गेला तरी त्याचं पाऊल गावात राहतं.

सहाही जोड शिन मावशीने शिवलेले. आणि सहाही खोटे.

हे तिला ठाऊक होतं आणि तांदळाचे व्यापारी पांगशेठ यांना. पांगशेठ गावच्या पंचांत मोठे. मामलेदाराची बदली झाली की त्यांचा निरोप यायचा, "नवा जोड शीव. अर्धं बोट सैल. चारचौघांत ओढताना अडकायला नको." मामलेदार वेशीजवळच्या खोलीत तो चढवायचा, बाहेर येऊन पाय पुढे करायचा, शेठ रडत रडत ओढायचे, आणि साहेब पुन्हा आपले बूट घालून पालखीत बसायचे. कोरा तळवा लोकांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून मावशी आदल्या दिवशी तो विटेने घासून ठेवायची. तीन वर्षांचा कारभार ती पेजेला उकळी फुटायच्या आत झिजवून द्यायची!

बदल्यात वेशीच्या भिंतीला टेकून तिचं दुकान होतं. नवरा गेल्यावर पंचांनीच ती जागा दिली होती. एक तिपाई, एक आरी, तागाच्या दोऱ्याची गुंडाळी. सत्तरीची म्हातारी दुसरीकडे कुठे जाणार?

मग यान मामलेदार आले.

पहिल्यांदा आले तेव्हा तिने ओळखलंच नाही. चिखलाने भरलेला एक काटकुळा माणूस तिपाईवर बसला आणि बूट काढून मोज्यांवर शांत बसून राहिला.

"कुठे तुडवलेत हो हे?" मावशीने बूट उलटा केला. "उजव्या चवड्याला भोक! माणूस आहात का रेडा?"

"नदीच्या बांधावर जातो रोज. चढ उजवीकडे आहे."

"रोज? आणि तुमचा मामलेदार काय करतो? पालखीत झोपतो?"

"त्याला पालखीतून बांध दिसत नाही, मावशी. म्हणून चालतो."

मावशीच्या हातातली आरी तिथेच थांबली. उठायला गेली तर त्यांनी हाताने बसवलं. "टाका अर्धवट सोडू नका."

तीन वर्षांत ते बूट तिच्याकडे सात वेळा आले. एकदा तिचं काम बघत त्यांनी विचारलं, "तळव्याच्या आतल्या थरांना इतके दाट टाके कशाला? कुणाला दिसणार?"

"दिसायला थोडेच असतात? वरचं रेशीम लोकांसाठी. चालतो तो तळवा."

त्यांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "कचेरीतही तसंच आहे. माझा न दिसणारा टाका सैल पडला, तर पाणी आधी शिरतं ते नदीकाठच्या झोपडीत. माझ्या घरात सगळ्यात शेवटी."

तेव्हा मावशी नुसतं "हं" म्हणाली. पण त्या पावसाळ्यात नदी बांधाला येऊन टेकली आणि तशीच परत गेली. नदीकाठची एक कोंबडीसुद्धा वाहून गेली नाही. मावशीने त्या दिवशी बांधाच्या दिशेला तोंड करून हात जोडले. देवळात जोडतात तसे.

आणि बदली आली. मागोमाग पांगशेठही.

"नवा जोड, शिन मावशी. अर्धं बोट सैल. वीट आहे ना घरात?"

"यांना नवा कशाला? यांचे पायातलेच काढा की."

"ती ठिगळं? त्या सहा जोडांशेजारी? उद्या कुणी विचारलं, याचेच का फाटले आणि त्यांचे का नाहीत, तर तू सांगशील?"

"विचारलं तर सांगेन."

"मग दुकानही दुसरीकडे बघशील." शेठ गोड हसले. "वेस पंचांची आहे."

मावशीने जोड शिवला. अकरा दिवस शिवला. शेवटी वीट हातात घेतली, तळव्याला लावली आणि खाली ठेवली. हातच चालेना.

निरोपाच्या दिवशी गाव लोटलं होतं. कुणी स्वच्छ पाण्याचा वाडगा आणला होता, कुणी आरसा. साहेब पाण्यासारखे निर्मळ, आरशासारखे लख्ख, असं न बोलता सांगायला. वेशीजवळच्या खोलीत यान साहेबांनी नवे बूट बघितले आणि बाजूला सारले.

"मी कुणाकडून काही घेत नाही, मावशी."

"फुकट नाही, साहेब. जुने मला द्या. अदलाबदल."

ते हसले आणि त्यांनी बूट चढवले.

बाहेर पांगशेठ गुडघ्यावर बसले, डोळ्यांना बाही लावली आणि ओढलं. बूट हलला नाही. पुन्हा ओढलं. नाही. "साहेब, जरा पाय सैल सोडा!" शेठनी दोन्ही हातांनी धरून असा हिसडा दिला की स्वतःच उताणे पडले. टोपी एकीकडे, शेठ दुसरीकडे. गर्दीत पोरीबाळी फिदीफिदी हसायला लागल्या.

"म्हातारे!" शेठ ओरडले. "माप चुकवलंस!"

"नाही शेठ," मावशी पुढे आली. "माप पहिल्यांदाच बरोबर आलंय. आधीच्या सहांचं चुकलं होतं. ते काढायला शिवले होते. हे चालायला शिवलेत." मग तिने गर्दीकडे तोंड केलं. "ते वरचे सहा जोड कुणी चार पावलंही घातलेले नाहीत. त्यांचे तळवे मी विटेने झिजवले. या हातांनी. तुम्ही सणाला त्यांना उदबत्त्या लावल्यात, आणि मी बघत बसले."

तिने जुना जोड वर धरला, तळवे लोकांकडे करून. उजव्या चवड्यावर ठिगळावर ठिगळ, सात.

"हे टांगा!" कुणीतरी ओरडलं.

"नको," यान साहेब म्हणाले. "टांगलेत तर पुढचा मामलेदार ते बघून चालायला नाही, काढायला शिकेल."

मग त्यांनी असं काही केलं की ज्यांनी बघितलं ते पुढे मरेपर्यंत सांगत राहिले. दरबारी अंगरख्यातला तो माणूस एका चांभारणीपुढे कमरेत वाकला. पूर्ण, सावकाश. आणि वळून चालायला लागला. पालखी रिकामीच मागून गेली.

दुपारी मावशीने आरी, दोरा, सगळं गाठोड्यात बांधलं. पांगशेठ आलेच, लंगडत.

"निघाले, शेठ. तिपाई तेवढी उचलायची राहिलीय."

शेठनी वर बघितलं. पिंजरा रिकामा होता. सहाही जोड गावकऱ्यांनी कधीच उतरवले होते. पलीकडे पाच-सहा बाया उगाच पाणी भरत, कान इकडे लावून उभ्या होत्या. शेठ खाकरले, खाली बसले आणि स्वतःचा बूट काढला.

"मघाशी... ओढताना शिवण उसवली."

मावशीने तो उलटा केला. तळवा लोण्यासारखा गुळगुळीत, कोरा.

"विटेने घासूनही देऊ का, शेठ?"

बायांचे हंडे हिंदकळले.

शेठ गेल्यावर तिने गाठोडं सोडलं. जुना जोड मांडीवर घेतला आणि उजव्या चवड्यापाशी झिजून पडलेल्या खळग्यावर हात ठेवला. तळहात त्यात पुरता मावला. ती तशीच बसून राहिली, बांधाकडे बघत, श्वाससुद्धा हळू घेत.