माईचं वाकडं तोंड

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सौंसरचे नाही आणि माईला ओळखत नाही.

माई म्हणजे माझी थोरली जाऊ. घर एक, चूल एक. तिच्या हाताला चव आणि माझ्या जिभेला धार, असं गल्लीत बोलत – खोटं नाही ते. मी काहीही रांधलं की ती तोंड वाकडं करायची. आणि मी ते पाहायलाच टपलेली असायची.

त्या दिवशी माई झोपेत असतानाच पुरुषमाणसं संत्र्याच्या बागेत गेली होती. मी पाटोडी केली – बेसनाच्या वड्या, झणझणीत रस्सा. दहाच्या सुमाराला माईला वाढलं. पहिल्याच घासाला तिचं तोंड वाकडं झालं. एका बाजूनं रस्सा ओघळला. ती काहीतरी बोबडं बोलली – मला ते "अळणी" असं ऐकू आलं. खरंच तसं ऐकू आलं, की मला तेच ऐकायचं होतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पटत नसन तं नका खाऊ, माई. तोंड कायले वाकडं करून राहिल्या?" असं म्हणून मी मागच्या अंगणात मूगवड्या घालायला बसले. आतून ताट पडल्याचा आवाज आला. आपटू दे, म्हटलं.

तासाभरानं भासरे, म्हणजे माईचे यजमान, घरी आले तर ती ताटाशेजारी आडवी पडलेली. उजवा हात, उजवा पाय लुळा. सौंसरच्या डॉक्टरांनी पाहताच सांगितलं – लकवा आहे, तडक नागपूरला न्या, वेळेत पोचलात तर इंजेक्शन आहे. आणि आम्ही वेळेत पोचलो. हेच तर सांगायचं आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे सुरू कधी झालं? सगळे माझ्याकडे पाहू लागले – घरात मीच होते ना. खरं सांगितलं असतं तर? जावेनं डोळ्यांदेखत पडू दिली, असंच म्हणाले असते सगळे. मी म्हणाले, "झोपेतून उठल्या तवाच तोंड वाकडं होतं. मले वाटलं, दाढ दुखत असन." लबाडीला दाढही किती पटकन सापडली!

"नक्की?" त्यांनी पुन्हा विचारलं. झोपेत झालं असेल तर किती वेळ गेला ते कळत नाही, मग ते इंजेक्शन देता येत नाही, रक्तस्रावाची भीती असते – बाईंनी नीट समजावून सांगितलं. मला समजलंही. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना?

"नक्की," मी म्हणाले.

इंजेक्शन लागू पडलंच असतं असं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते मिळू दिलं नाही, ते मीच.

माईची वाचा गेली. आता मीच तिची कूस बदलते, नीट बसतं करून डाव्या बाजूनं घास भरवते, गालात अन्न अडकलं का ते पाहते. गाव म्हणतं, जाऊ असावी तर अशी. ऐकून लाज वाटते – आणि बरंही वाटतं, हेही कबूल करते.

गेल्या दिवाळीत माईची लेक पांढुर्ण्याहून आली. माझ्यासाठी साडी आणली, पाया पडली. "काकू, तुह्यामुळं माही आई जिती हाय." माई खाटेवरून पाहत होती. तिला सगळं समजतं, फक्त सांगता येत नाही.

मी साडी घेतली. दुसऱ्या दिवशी तीच नेसून माईला जेवू घातलं.